बदामाची द्राक्षं आणि हळकुंडं

भाचीचं लग्न आठवड्यावर आलंय. पाहुण्यांच्या हातात जाताना घरी केलेलं मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेची मिठाई, द्यायचं, हा तिचाच हट्ट. इटलीत लग्नात साखरेच्या आवरणातले पाच बदाम देतात: आरोग्य, समृद्धी, सुख, संतती आणि दीर्घायुष्यासाठी एकेक. ते तिच्या मनात फार भरलं होतं.

आज 2 किलो बदाम गरम पाण्यात घालून सोलले. चिमटीत दाबला की सालातून सटकन बाहेर येतो. पंख्याखाली पूर्ण कोरडे केले आणि मिक्सर थांबत थांबत फिरवला. सलग फिरवला तर तेल सुटतं. पहिल्या घाण्याचं तसंच झालं, जीव हळहळला. त्याचा शिरा केला. युरोपात बरेच जण यात अंड्याचा पांढरा भाग घालतात. आमच्याकडे आईसुद्धा खाणार, म्हणून पिठीसाखर आणि थोडं गुलाबपाणी, एवढंच. तशी ही आपल्या काजूकतलीची लांबची बहीणच, फक्त चुलीवर न चढणारी.

आकार मात्र सांगलीचेच हवे होते. द्राक्षाचे इवलेसे घड, देठाला लवंग. आणि हळकुंडं! त्यांना रंग चिमूटभर हळदीचाच दिला. गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावा लागतो, नाहीतर वळताना भेगा पडतात.

आईचे हात हल्ली थरथरतात, पण सगळ्यात सुबक हळकुंडं तिचीच झाली. संध्याकाळी ती म्हणाली, "यातलं एक ताट रुखवतात मांडायचं बरं का." तिचं ताट मी वेगळं काढून ठेवलंय.