चालता येईल अशी चाल

मराठीत पावलांची ती चाल आणि अभंगाचीही चालच. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेला लागलं, की हा एकच शब्द दोन्हींना का पुरतो ते दोन-तीन दिवसांत पायांनाच कळतं. देवळात बसून गोड लागणाऱ्या कितीतरी चाली गोदावरी ओलांडून डांबरी रस्त्यावर आलं की मोडतात. गाणारे तेच, टाळही तेच, तरी ओढ लागत नाही. दोष गळ्याचा नसतो, हिशोबाचा असतो.

हिशोब असा. टाळ वाजवत चालणारी दिंडी मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकते. एका पावलाला एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, धरली तर भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचं आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक फेरा, पाच सेकंदांच्या आत पुरं होतं. आठ ही सम संख्या, त्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, एकदा डाव्या पावलावर पडली की दिवसभर डाव्यावरच पडते. शरीराला ते पाठ होतं, मग डोक्याला मोजावं लागत नाही. आता सात मात्रांचा रूपक घ्या. सम एकदा डाव्या पायावर, पुढच्या वेळी उजव्यावर. बसून ऐकताना तोच रूपक किती लडिवाळ वाटतो! पण चालताना दर आवर्तनाला अंग अडखळतं आणि अर्ध्या किलोमीटरच्या आत मागची रांग ठेका सोडून नुसती चालायला लागते. सहा मात्रांच्या दादऱ्यात समेचा पाय बदलत नाही, पण चौथ्या मात्रेचा झोक दुसऱ्या पायावर येतो, म्हणून अंग डुलतं. दादरा पावली खेळायला छान, लांब पल्ल्याला दमवणारा. वाटेवर आठ मात्रा, विसाव्याला आणि पावलीला सहा, आणि सातची हौस मुक्कामाच्या कीर्तनात. आमचा शिरस्ता हा आहे.

अभंगाची घडणही या चालण्याला धरूनच आहे असं मला वाटतं. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. चौथा चरण आखूड, म्हणजे तिथे जागा मोकळी राहते. गाणारा त्या जागेत श्वास घेतो आणि तेवढ्यात झीलकरी, म्हणजे मागून साथ देणारे, ओळ उचलतात. नवी चाल बांधताना या मोकळ्या जागेवर तान भरली की दोघांचं नुकसान: गाणाऱ्याला दम घेता येत नाही आणि झील उशिरा येते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, तिथे अशी जागा आपसूक मिळत नाही. म्हणून त्याच्या चालीत चरण संपल्यावर निदान दोन मात्रा रिकाम्या सोडाव्या लागतात.

तरुण पोरं सिनेमाच्या गाण्यांवर अभंग बसवतात. नवी चाल लावण्याला माझा विरोध नाही, अडचण दुसरीच आहे. त्या चाली माइकसमोर एकट्या गळ्यासाठी बांधलेल्या असतात. मधे वाद्यांचे तुकडे असतात, ते दिंडीत कोण वाजवणार? मग तेवढा वेळ टाळकरी नुसते टाळ कुटतात. दुसरं म्हणजे चरण भलतीकडे तुटतो. 'पांडुरंग' हा शब्द 'पांडु' आणि 'रंग' असा दोन श्वासांत फुटला की अर्थ गेलाच. चाल चांगली का हे तपासायची आमची रीत सोपी आहे. पन्नास पावलं चालत ध्रुपद, म्हणजे अभंगाची पुन्हापुन्हा येणारी ओळ, म्हणायचं, तेही शेजाऱ्याशी न ठरवता. दोघांचा श्वास एकाच जागी पडला तर चाल ठेवायची, नाही तर सोडून द्यायची. वारीत टिकलेली प्रत्येक चाल अशीच गाळून आलेली आहे. तिच्यातून काय काढलं ते कुणाला आठवत नाही, बांधणाऱ्याचं नावही नाही, आणि तरी ती मला मोठ्या प्रतिभेची वाटते. परंड्याकडच्या उन्हात, दुपारी दोन वाजता, अंगात काही उरलेलं नसताना जी चाल पाय उचलते, तिच्यात काय आहे हे शब्दांत मांडायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

आता आवाजाच्या अंतराचं. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. दोनशे वारकरी चार-चारच्या रांगेत चालले तर दिंडी शंभर मीटरच्या आसपास लांब होते. म्हणजे पुढच्या रांगेचा टाळ शेवटच्या रांगेला ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. आपली मात्रा ०.६ सेकंदांची. सरळ अर्ध्या मात्रेचा फरक! मागचे लोक कानाने ठेका धरतात, त्यांचा टाळ आणखी तेवढ्याच उशिराने पुढच्यांना ऐकू येतो, आणि दिंडी रबरासारखी ताणत जाते. लोक म्हणतात, 'मागचे ढिले पडले.' ढिलं कुणी पडलेलं नसतं. यावर उपाय एवढाच, की मृदंग, म्हणजे आमचा पखवाजच, रांगांच्या मधोमध ठेवायचा म्हणजे दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं, आणि मागच्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवून पुढच्याच्या टाळाचा हात पाहायचा. गाडीवर भोंगा लावला तर तो दिंडीच्या एका टोकाला नसावा. भोंगा पुढे असला की मागच्यांचा गोंधळ दुप्पट होतो, हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या दिंडीत दिसतंच. लय वाढायची जागाही ठरलेली आहे, ती म्हणजे उतार. बालाघाट चढताना लय आपोआप जड होते, त्याची भीती नाही. माथ्यावरून उतरायला लागलं की पुढची पोरं धावायला बघतात. तिथे पखवाजवाल्याने बोल भरायचे नाहीत, उलट कमी करायचे, नुसता ठेका द्यायचा.

पखवाजाविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण वारीत सर्वांत जास्त हाल त्याचे होतात. डाव्या बाजूचं तोंड ते धूम, तिला कणीक लावतात. ही कणीक गव्हाचीच हवी. दिंडीच्या शिध्यात भाकरीसाठी ज्वारीचं पीठ पोत्याने असतं, म्हणून कुणी तेच भिजवून लावतं आणि दहा मिनिटांत ते खाली पडतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटण नाही. आमच्या पखवाजाच्या पेटीत किलोभर गव्हाचं पीठ वेगळं बांधलेलं असतं. गोळा मोठ्या लिंबाहून थोडा मोठा घ्यायचा, पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवायचा आणि दहा मिनिटं मुरू द्यायचा. धुमेचा मधला भाग ओल्या बोटाने पुसून घ्यायचा. मग गोळा मधोमध ठेवून अंगठ्याने बाहेर दाबत पसरवायचा, कड पातळ आणि मध्य जाड. कडेला फट राहिली तर वाजवताना पीठ तिथून उचकटतं. थाप मारून बघायची. धुमेचा सूर शाईच्या, म्हणजे काळा गोल असलेल्या उजव्या तोंडाच्या, सुरापेक्षा एक सप्तक खाली लागायला हवा. धूम चढी बोलली तर चिमूटभर कणीक वाढवायची, फार खाली गेली तर नखाने काढायची. ज्येष्ठातल्या उन्हात ही कणीक तासाभरात वरून कडक होऊन तडकते. मग 'धूम' ऐवजी 'ठक्' असा आवाज येतो. पिळलेलं ओलं फडकं सोबत ठेवायचं आणि दर विसाव्याला कणकेवर झाकायचं. फक्त कणकेवर, पुडीवर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या चामड्यावर, नाही. रात्री कणीक पूर्ण खरवडून धूम कोरडी पुसायची. आळस केला तर चामडं कुजतं, नाही तर उंदीर पुडी कुरतडतात आणि मुक्कामाच्या गावी नवी पुडी मिळत नाही.

उजव्या पुडीचा सूर गठ्ठ्यांनी, म्हणजे वादीखाली अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यांनी, लावायचा. गठ्ठा पुडीपासून लांब ठोकला की वादी, म्हणजे पुड्या बांधणारी चामड्याची पट्टी, ताणते आणि सूर चढतो. बारीक फरकासाठी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, वरून हलकी हातोडी. ऊन चढेल तसं चामडं सुकून सूर वर जातो, मृगाची सर आली की उतरतो. वीणेचं नेमकं उलटं. तिच्या तारा पोलादी, उन्हात तापल्या की सैल होतात, सूर खाली येतो. म्हणजे दुपारी पखवाज चढलेला आणि वीणा उतरलेली, आणि गाणाऱ्याला कुठलं खरं मानावं ते उमगत नाही. आमच्याकडे नियम आहे, खरी वीणा. विसाव्याला आधी वीणा मूळ सुराला आणायची, मग पखवाज तिच्याशी मिळवायचा. पावसाची शक्यता असेल त्या दिवशी नटबोल्टचा पखवाज गळ्यात घ्यावा. वादीचा पखवाज भिजला की वादी लांबते आणि सुकल्यावरही सूर धरत नाही. नटबोल्टच्या नादात ती गोलाई नाही हे मान्य, पण सूर तरी राहतो. लाकडी पखवाज आठ-दहा किलोचा. पट्टा चार बोटं रुंद हवा आणि वादकाची पाळी दीड तासावर नेऊ नये. खांदा भरून आला की डावा हात आधी मंदावतो, आणि धूम गेली की दिंडीच्या पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं.

टाळ निवडताना लोक चकाकी बघतात. बघायचा तो नाद. काशाचा टाळ, म्हणजे तांबं आणि कथील, लांब गुंजतो, पण ठिसूळ असतो. दगडावर पडला की चीर जाते, आणि चीर गेलेला टाळ खरखरतो. पितळेचा टाळ पडला तर वाकतो, नाद बसका. नवशिक्याने पितळी घ्यावा. जोडीतल्या दोन टाळांचे सूर किंचित वेगळे असले की आवाजात लाटेसारखी थरथर येते, ती हवीच असते. दोरी सुती आणि जाड. नायलॉनची दोरी दुसऱ्या दिवशी तर्जनीला फोड आणते.

पहाटे काकड्याला घसा मिटलेला असतो, तेव्हा काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) वर जाऊ नये. ऊन पडल्यावर गळा मोकळा होतो, मग अर्धा-एक सूर चढवायला हरकत नाही. घसा बसतो तो गाण्याने कमी आणि धुळीने व बर्फाच्या पाण्याने जास्त. साधं पाणी घोट-घोट, जिभेखाली ज्येष्ठमधाची काडी, रात्री मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आणि ओरडायचं नाही. पन्नास जणांत आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकू येत असेल तर आपण ओरडतोय असं समजावं.

मला वारीचं सगळं मर्म या झिलीत दिसतं. पुढचा एक चरण म्हणतो, तो चरण पन्नास तोंडांतून त्याच्याकडे परत येतो, आणि परत येताना तो त्याचा राहिलेला नसतो. ज्याचा गळा बेसूर, तोही त्यात मिसळून सुरात येतो. कुणाला बाजूला काढावं लागत नाही. साधनेचे पुष्कळ मार्ग सांगितले आहेत, पण 'मी' इतक्या हलक्या हाताने उतरवून ठेवणारा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. वीणा खाली न ठेवण्याची रीतही याच भावाची. वीणेकरी दमला की दुसरा पुढे येतो, वीणेला नमस्कार करतो, ती त्याच्या गळ्यात जाते, आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वीस वर्षांचं पोरगं आणि साठीचे बाबा. तार मात्र थांबलेली नसते.

मागे तुळशी घेऊन चालणाऱ्या बायांचं वेगळंच चाललेलं असतं. टाळांचा आवाज विरळ होतो तिथे त्या ओव्या म्हणतात. गंगाखेडच्या जनाबाईंच्या मराठवाड्यात जात्यावरची ओवी अजून गळ्यांत आहे. जात्यावर ओळीच्या शेवटी सूर लांबतो, कारण खुंटा फिरायला तेवढा वेळ लागतो. रस्त्यावर त्याच बाया तो सूर आखूड करतात, दोन पावलांइतका. कुणी शिकवलेलं नाही. या ओव्यांना टाळाची साथ देण्याचा मोह टाळावा, त्यांची लय त्यांच्याच पायांची असते.

मुक्कामाला भारूड झालं तर मृदंग दबका ठेवायचा. नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे खेळ उचलून त्यात परमार्थ भरला. तो शब्दांतून पोचतो, आणि ठेक्याच्या गदारोळात शब्द बुडाला तर नुसतं सोंग उरतं.

करकंब मागे पडल्यावर वाटेवर दुसऱ्या दिंड्या भेटायला लागतात आणि पंढरपूरच्या बोळांत तर खांद्याला खांदा लागतो. प्रत्येकीची चाल निराळी, सूर निराळा. इथे अभंग धरून ठेवायचा हट्ट करू नये. ध्रुपदावर थांबायचं आणि नामघोष घ्यायचा. आमचा नामघोष 'भानुदास एकनाथ'. अक्षरं बरोबर आठ, मात्रेला एक. शेजारून 'ज्ञानबा तुकाराम' येतं, ती सात. ते लोक 'बा' एक मात्रा लांबवतात आणि आठ पुऱ्या करतात. दोन-तीन आवर्तनं मागेपुढे होतात, पखवाजवाले एकमेकांकडे बघतात, आणि मग त्यांची आणि आमची सम एकाच पावलावर पडते.