आधी झिरो पाहा, मग पोट्ट्याला बोला : आमची वाटचाल

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा भाड्याचा शेड आहे. वर टिन, आत एक काचेची केबिन, केबिनीत एसी, आणि काम एकच, दुसऱ्यानं बनवलेला माल मोजून देणं. लेथवाल्यांचे बुश, पिन, शाफ्ट असले सुटे भाग येतात, आम्ही तपासतो, चांगले एकीकडे, रिवर्कचे म्हणजे परत दुरुस्त करायचे एकीकडे, भंगार एकीकडे, आणि रिपोर्ट लिहून देतो. लोकं विचारतात याचे पैसे भेटतात का. भेटतात, उशिरा भेटतात. २००६ च्या कायद्यात लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या असं लिहिलेलं आहे, आणि आमचे काही कस्टमर हे वाक्य ऐकून चहा सांगतात, बस. असो. आज आम्ही सात जण आहो, त्यातले पाच पंचविशीच्या आतले, आणि महिन्यातला माझा निम्मा वेळ माल मोजण्यात नाही, हे पाच जण शिकवण्यात जातो. असं काही ठरवलेलं नव्हतं.

मी २००२ ते २०१८ एका कंपनीत क्वालिटीला होतो. सोळा वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार घेतला, त्यामुळे स्वभावही तसाच झालेला, घरी पोळी गोल नसली तरी दिसायची. मग लाईन दुसऱ्या राज्यात हलली, आम्हाला सांगितलं चला नाहीतर हिशोब घ्या. मुलगी दहावीत, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिशोब घेतला. पहिले आठ महिने हॅन्डग्लोव्हज आणि व्हर्नियर, गेज असली मोजायची साधनं विकायचा धंदा केला, त्यात उधारी इतकी अडकली की बायकोनं एक दिवस वही पाहून फक्त एवढंच विचारलं, यातले किती जिवंत आहेत? त्यावर जास्त लिहीत नाही.

मोजायचं काम आलं ते अपघातानंच. ओळखीच्या एका लेथवाल्याचा बाराशे बुशचा लॉट परत आला होता, त्याला उद्या सकाळपर्यंत चांगले वेगळे करून पाहिजे होते, मला म्हणाला तुम्ही क्वालिटीवाले, करून द्या. एकट्यानं होणार नव्हतं. चौकातल्या टपरीवर तर्री पोहे खात बसलेले आयटीआयचे तीन पोट्टे दिसले, म्हटलं रात्रीचं काम आहे, येता का. आले. सकाळी सहापर्यंत लॉट झाला, पैसे वाटले, आणि असंच दोन-तीनदा झाल्यावर मी ग्लोव्हज विकणं बंद केलं. म्हणजे पोरांना घडवायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं, मला हात पाहिजे होते आणि ते स्वस्तात भेटत होते, खरं ते हेच.

त्या तिघांत एक काटोलकडचा होता, कमी बोलणारा. २०१९ च्या पावसाळ्यात २४ एमएमच्या पिनांचा लॉट होता, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बारीक, आणि मायक्रोमीटरवर (बारीक जाडी मोजायचं साधन) याचे रीडिंग सगळे वर येऊन राहिले होते, दहात चार पिना ओव्हरसाईज. मी म्हटलं असं होऊच शकत नाही, तू जॉब (मोजायचा भाग) तिरपा धरतो, रॅचेट (दाब सारखा ठेवणारा टोकाचा खटका) वापरत नाही, मायक्रोमीटरच्या तोंडावर कचरा आहे. तो म्हणाला, "सर, मायक्रोमीटरच सरकलं वाटते." आणि मी, सोळा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस, बाकी दोघांसमोर म्हणालो की काल शिकलेला पोट्टा मला मायक्रोमीटर शिकवते का. जेवणाच्या सुट्टीत तो गेला तो आलाच नाही. मी त्याच मायक्रोमीटरनं उरलेलं मोजलं, माझेही तसेच आले, तरी मला वाटलं लॉटच खराब आहे! (माणूस किती आंधळा असतो पहा.) कस्टमरनं त्यांच्याकडे परत मोजल्यावर फोन आला, रिजेक्ट केलेल्या तीनशेच्या वर पिना चांगल्या होत्या. तेव्हा कुठे मी मायक्रोमीटर बंद करून झिरो पाहिला, म्हणजे तोंडं मिटल्यावर शून्य दाखवते का ते, मग स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) लावून पाहिला. ०.०३ एमएमनं वर. आदल्या आठवड्यात माझ्याच हातून फरशीवर पडलं होतं, मी उचलून, फुंकून डब्यात ठेवलं होतं.

कामाच्या आधी झिरो चेक, ही आमच्या धंद्यातली बाराखडी आहे. पहिल्या दिवशी मीच त्यांना शिकवली होती.

दीडेक वर्षानं तो काटोलकडचा पोट्टा व्हरायटी चौकात सिग्नलला दिसला, पाठीला डिलिव्हरीची बॅग. मी गाडी बाजूला घेतली, सांगितलं की बाबा मायक्रोमीटर खरंच सरकलं होतं. तो म्हणाला, "मी तं सांगतलं होतं ना सर." रागानं पण नाही, असंच. परत ये म्हटलं तर म्हणाला पाहतो, आणि सिग्नल सुटला. तो आला नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी कंपनीत आम्ही मशीनसाठी करायचो. मोजायच्या साधनाचीच परीक्षा असते, दहा जॉब घ्यायचे, तीन माणसं, प्रत्येकानं प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, नंबर लपवून, कोणता जॉब हातात आहे कळता कामा नये. मग पाहायचं की जो फरक दिसून राहिला तो जॉबमधला किती आणि मोजणाऱ्यातला किती. मोजण्यातला फरक १० टक्क्यांच्या खाली असला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ती मोजमापाची पद्धत कामाची नाही, आधी ती सुधारा. मी हे व्हर्नियरवर लावलं, दोन नवे पोट्टे आणि तिसरा मी. निकाल काय आला तर तिघांत सगळ्यात वाईट मी! एकच जॉब तीनदा मोजला तर तीन आकडे. पंचेचाळिशी उलटली होती, चष्म्याचा नंबर लागलेला पण मी तो गाडीच्या डिकीत ठेवायचो, आणि व्हर्नियरच्या बारीक रेघा नुसत्या डोळ्यानं तिरप्या दिसायच्या. पोट्टे आधी हसायचं की नाही म्हणून थांबले, मग एकानं कागद पुढे करून म्हटलं, "सर, रिजेक्ट." त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायला लागले, म्हणजे कामाव्यतिरिक्त. त्यातल्या एकाच्या बापाची सोयाबीन गेली होती आणि तो महिनाभर सकाळचं जेवण सोडून पैसे गावाला पाठवत होता, हे मला तेव्हा कळलं. मी समजत होतो दुपारनंतर त्याचं लक्ष नसते.

आता नवीन कोणी आला की पहिल्याच आठवड्यात ही परीक्षा होते, आणि त्यात मी असतोच. चष्मा लावून.

कंपनीतून आणलेली सगळीच हत्यारं चालली असं नाही. व्हाय-व्हाय ॲनालिसिस म्हणजे जपानी कारखान्यातून आलेली पद्धत, बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारा, मूळ कारण सापडते. मशीनवर लय चांगली चालते. उमरेडकडची एक पोरगी आली होती, आयटीआय फिटर, ड्रॉइंग वाचायला आमच्या सगळ्यांच्या पुढे, पण रोज वीस मिनिटं उशीर. मी तिला समोर बसवून सुरू केलं, उशीर काहून होते? बस उशिरा येते. मग आधीची काहून नाही पकडत? तिसऱ्या 'काहून'ला तिनं खाली पाहिलं आणि पाचव्याला डोळ्यात पाणी. मशीनला पाच वेळा का विचारलं तर मशीन सांगते, माणसाला विचारलं तर ते पोलीस स्टेशन होते. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या पोट्ट्यानं चहा पिता पिता तिला नुसतं "मग?" "मग काय झालं?" करत विचारलं, दहा मिनिटांत सगळं बाहेर. सकाळी आईसोबत दोन घरचं काम करून निघते, एसटीनं गणेशपेठ स्टँड, तिथून ऑटोनं सीताबर्डी, मग मेट्रोनं लोकमान्य नगर, आणि आधीची एसटी पकडायची तर एका घरचं काम सोडावं लागते, म्हणजे त्याचे पैसे. आम्ही तिची वेळ साडेनऊची केली. इतकंच करायचं होतं. आता ड्रॉइंगचा शनिवारचा क्लास तीच घेते, आणि आमच्याकडे माणसासाठी 'काहून' बंद आहे, 'मग' चालते.

एक हत्यार मात्र जसंच्या तसं चाललं. लेथवर नवा ऑपरेटर असला की तो प्रत्येक जॉब मोजतो आणि प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट म्हणजे टूलची जागा हलवतो, एक जॉब जरासा वर गेला की टूल खाली, पुढचा खाली गेला की टूल वर, आणि मग माल जास्तच वरखाली होतो. मशीनला हात नसता लावला तर बरं झालं असतं. थोडंफार हलणं हे कोणत्याही कामात असतेच, खरंच काही बिघडलं तेव्हाचं हलणं वेगळं, आणि दोन्ही ओळखायला शेवार्ट नावाच्या अमेरिकन माणसानं १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (मापांची टिंबं मांडायचा आलेख) काढला, आम्ही तो रोज वापरतो. मी पोरांवर नेमकं त्या नव्या ऑपरेटरसारखं करत होतो. सोमवारी चूक झाली की बोललो, मंगळवारी चांगलं केलं की पाठ थोपटली, बुधवारी परत बोललो, रोज ऑफसेट. आता एका चुकीवर काही बोलत नाही, वहीत टिंब मांडतो. टिंबं एकाच बाजूला जाऊन राहिली असं दिसलं तर बसतो बोलायला. बायको म्हणते हे घरी पण चालू करा.

आणि नागपूरचा उन्हाळा. मोजमाप २० डिग्रीला धरायचं हा जगभरचा नियम आहे, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. एक कस्टमर भर दुपारी टिनाच्या शेडमधून माल घेऊन आला, १०० एमएमचे शाफ्ट, आम्ही केबिनीतलं गार मायक्रोमीटर लावलं, सगळे पंचवीसेक मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) वर. मीटरभर लोखंड एका डिग्रीला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते, हिशोब करा, शाफ्टची काही चूक नाही, ते फक्त उन्हातून आले होते. रात्रभर केबिनीत ठेवले, सकाळी पास. कस्टमरला समजावताना मात्र अर्धा तास गेला, कारण त्याला वाटलं आम्ही एसीचं बिल लावतो. तेव्हापासून मालाला एक रात्र, आणि नव्या पोट्ट्याला आठ दिवस. आठ दिवस त्याचे आकडे रिपोर्टला घेत नाही, तो नुसता मोजतो, चहा पितो, सगळ्यांमध्ये बसतो.

आता न जमलेलं. पोट्टे शिकतात आणि जातात. दहा-अकरा महिने झाले की बुटीबोरीची एखादी कंपनी घेऊन जाते, पगार आमच्यापेक्षा जास्त, कॅन्टीन, बस. २०२१ मध्ये मी बॉन्ड लिहून घेतला होता, दोन वर्षं सोडायचं नाही म्हणून, शेजारच्या शेडवाल्यानं तर सांगितलं होतं की ओरिजिनल मार्कशीटच ठेवून घ्या. मार्कशीट ठेवल्या नाही, पण बॉन्ड ठेवला, आणि ज्याच्यावर ठेवला तो नुसता वेळ काढायला लागला, त्याच्या टिंबांवरून तसं दिसतच होतं. चार महिन्यांनी मीच कागद फाडला. तो गेला. गेलेल्यांपैकी एकानं आतापर्यंत एक काम पाठवलं, बाकीचे दिवाळीला मेसेज करतात. दुखते थोडं, विशेषतः मोठा लॉट दारात असला की.

अप्रेंटिस घ्यायचा विचार आधीपासून होता, पण त्यासाठी निदान चार माणसं लागतात आणि आम्ही बरेच दिवस तीनच होतो. चौथा आल्यावर नोंदणी केली. सरकार स्टायपेंडचा एक हिस्सा भरते, ते चांगलं आहे, पोर्टलवर कागद चढवता चढवता मात्र माझी दोन रविवारं गेली, शेवटी उमरेडवालीनं मोबाईलवरून पंधरा मिनिटांत करून दिलं.

पुढच्या महिन्यात दोन नवे येऊन राहिले, एक टर्नर, एक मशिनिस्ट. त्यांच्यासाठी अजून एक टेबल आणि जुनीच पण चांगली सरफेस प्लेट (मोजायला लागणारी एकदम सपाट लादी) पाहून ठेवलीय, मालक किंमत सोडत नाही. एसीवाल्याला पण सांगितलंय की मे लागायच्या आत ये, मागच्या वेळी तो जूनमध्ये आला होता.