आसन मोजा, मग जीन्स घ्या

जीन्सचं जवळजवळ सगळं बदलता येतं. लांबी कापता येते, कंबर मागून आत घेता येते, मांडीला सैल असेल तर आतल्या शिलाईतून दाबता येते, चेन नवी बसवता येते. आसन मात्र वाढवता येत नाही. वाढवायला तिथे कापडच नसतं. डोंबिवलीत माझं अल्टरचं दुकान आहे. हे वाक्य मला सतत म्हणावं लागतं आणि समोरची बाई दरवेळी अशी बघते, जणू मी मुद्दाम नाही म्हणतेय.

आसन म्हणजे दोन पायांच्या मध्ये चार शिलाया जिथे येऊन मिळतात, तिथपासून बेल्टच्या, म्हणजे कंबरेला शिवलेल्या पट्टीच्या, वरच्या काठापर्यंतचं अंतर. लो राइज, मिड राइज, हाय राइज हा सगळा खेळ तेवढ्याच अंतराचा. पुढून ८ इंच किंवा त्याहून कमी असेल तर लो, ९ च्या आसपास मिड, १० च्या पुढे हाय. लिव्हाइसची ‘रिबकेज’ तर १२ इंचांच्या आसपास जाते, नावातच फासळ्या आहेत. मागचं आसन पुढच्यापेक्षा चारपाच इंच मोठं असतं, कारण खाली बसलं की ताण पडतो तो मागे. स्वस्तातल्या जीन्समध्ये कापड वाचवायचं असेल तर नेमकं तिथेच वाचवतात.

मासिकांमध्ये बाईच्या शरीराला फळांची नावं देतात. अमुक सफरचंद, तमुक पेअर. मला त्याचा फार उपयोग होत नाही. मी आधी बघते ती शेवटची फासळी आणि कंबरेचं हाड यांच्यातली जागा. स्वतःच हात लावून बघा. तिथे जेमतेम दोन बोटं बसत असतील तर तुमचं धड आखूड, आणि हाय राइज तुम्हाला उभ्याने कितीही छान दिसली तरी बसल्यावर बेल्ट फासळीत रुतणार. ट्रायल रूममध्ये कोणी बसून बघत नाही, म्हणून हे घरी आल्यावर कळतं. उलट तिथे आख्खा तळवा मावत असेल तर लेबलवर हाय लिहिलेली जीन्स तुम्हाला मिडसारखी बसेल आणि लो राइज घातलीत तर वाकताना एक हात कायम मागे टॉप ओढायला लागेल.

नितंब भरलेले आणि कंबर बारीक, अशा बायका माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. त्यांना सगळे हाय राइज घ्यायला सांगतात. बरोबरच आहे, पण मागे बेल्ट आणि पाठीच्या मध्ये मूठ जाईल एवढी फट पडते. ती मी काढून देते. मागचा मधला लूप उसवायचा, बेल्ट उघडायचा, मधल्या शिलाईतून आत घ्यायचं, परत बंद. साधारण दीड इंचापर्यंत हे नीट होतं. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि मग ते लांबूनसुद्धा दिसतं. म्हणून घेतानाच बेल्ट बघा. सरळ पट्टीचा असेल तर फट पडणार. थोडा गोलाईत कापलेला असेल, आणि खिशांच्या वरचा तो व्ही आकाराचा तुकडा खोल असेल, तर अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

पोट पुढे आणि नितंब सपाट असतील तर गोष्ट वेगळी. हाय राइज पोट झाकते हे खरं, पण तिला अडकून राहायला खाली आधार नसतो. ताणाची, पातळ कापडाची असली की तासाभरात बेल्ट दुमडून खाली गुंडाळला जातो. अशांना मी मिड राइज सांगते, जाड डेनिमची, एक-दोन टक्केच इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेली. लो राइज पोटाखाली बसते आणि पोट वरून ओघळतं, हे आरसा सांगतोच, मी कशाला बोलू.

एक गोष्ट दुकानात कुजबुजत विचारली जाते, म्हणून इथे मोठ्याने लिहिते. सिझेरियन झालेल्या बायकांना लो राइजचा बेल्ट आणि बटण बऱ्याचदा नेमकं टाक्यांच्या रेषेवर येतं. आडवी खूण ओटीपोटात खालीच असते. काहींना ती जागा कितीतरी महिने बधिर किंवा हुळहुळी राहते. अशा वेळी बेल्ट खुणेच्या चांगला वर जाईल अशी जीन्स घ्या, फॅशन काहीही असो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, कुर्ती. रेयॉनच्या पातळ कुर्तीखाली हाय राइजचं धातूचं बटण बेंबीपाशी उठून दिसतं. लो राइजचं दिसत नाही, म्हणून पुष्कळ जणी कुर्तीखाली ती घालतात. पण कुर्तीचा साइड कट उंच असेल तर स्कूटरवर वाऱ्याने कट उघडला की कंबर उघडी. शिवाय लो राइजचे पुढचे खिसे उथळ. लोकलच्या सीटवर बसल्या बसल्या मोबाइल खाली घसरतो. कुर्तीवाल्यांना माझ्याकडून एकच उत्तर मिळतं, साडेनऊ इंचांची मिड राइज. मी स्वतः दिवसभर मशीनवर बसते आणि तीच घालते.

माझ्या लेकीला हे सगळं पटत नाही. तिला लो राइजच हवी. २००० नंतरच्या काही वर्षांत आम्ही तेच घालून कॉलेजला जात होतो, त्यामुळे नको म्हणायचं तोंड मला नाही. त्याआधी १९९० च्या दशकात लंडनच्या अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन डिझायनरने ‘बमस्टर’ नावाची पँट काढली होती. तिचा बेल्ट इतका खाली, की पाठीचा कणा संपतो तिथपर्यंत दिसायचं. त्याला धड लांब दिसायला हवं होतं. आणि लेकीच्या बाबतीत तेच होतं. तिचे पाय लांब, धड आखूड, कंबर आणि नितंब जवळपास सारख्या मापाचे. लो राइज तिच्या अंगावर हलत नाही, फट पडत नाही, आखूड धडाला दोन इंच मिळतात. माझी हाय राइज घालून बघितली तर छातीपासून पायच सुरू झाल्यासारखी दिसली. दोघीही हसलो.

लेबलवरच्या २८-३० आकड्यावर फार जाऊ नका. लो राइजचा बेल्ट कंबरेवर नाही, नितंबांच्या वरच्या भागावर बसतो, तिथला घेर मोठा असतो. बारीक कंबरेवर बसणारा आकडा तिथे चालत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर अंगाला नीट बसणारी जुनी जीन्स पलंगावर पसरा, पुढचं आसन टेपने मोजा आणि साइज चार्टमधल्या ‘फ्रंट राइज’शी ताडून बघा. चार्टमध्ये दिलं नसेल तर फोटोत चेन बघा. बोटभर चेन म्हणजे लो, आणि चेनऐवजी चारपाच बटणांची रांग दिसली तर बहुतेक हाय. खाली मॉडेलची उंची लिहिलेली असते, तीही वाचा. पाच फूट नऊ इंचांच्या मुलीच्या बेंबीखाली थांबलेला बेल्ट माझ्यासारख्या पाच फुटीच्या बेंबीवर चढून बसतो.