पुणे-नागपूर विमानाने: माझा अनुभव, आणि उशीर झाला तर काय मागायचं

पुणे ते नागपूर हवाई अंतर साधारण ६०० किलोमीटर, रस्त्याने ७०० च्या वर. तिकिटावर वेळ सव्वा ते दीड तासाच्या मधली दिसते, त्यातला हवेतला जेमतेम तासभर. विमान पार्किंगमधून हललं की मोजणी सुरू होते आणि नागपूरला जाऊन उभं राहिलं की संपते, याला ब्लॉक टाइम म्हणतात. एवढा शब्द लक्षात ठेवा, मला त्याचाच उपयोग झाला.

मामाकडे लग्न होतं म्हणून आईला घेऊन निघालो. लोहगावला बॅग, सिक्युरिटी सगळं पटापट झालं. गेटवर बसलो आणि मग सुरू झालं, आधी अर्धा तास लेट, मग अजून अर्धा, मग परत अर्धा, आणि कारण विचारलं की ‘ऑपरेशनल रीझन’ एवढंच. आईला शुगर आहे, गोळी घेतली की वेळेवर पोटात काहीतरी जावंच लागतं. दोन तास उलटून गेले तेव्हा मी एअरलाइनच्या काउंटरवर गेलो, तर तिथला मुलगा म्हणतो, सर ही छोटी फ्लाइट आहे, हिच्यात फूड नसतं.

डोकंच फिरलं माझं, कारण डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम बरोब्बर उलटा आहे. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तास उशीर झाला की खाणं-पिणं एअरलाइनने द्यायचं, त्यापेक्षा लांबच्या फ्लाइटला तीन नाहीतर चार तासांनी. म्हणजे फ्लाइट छोटी म्हणूनच आम्हाला लवकर मिळायला हवं होतं! मोबाइलवर नियम उघडून त्याच्यासमोर धरला, तो आत जाऊन सुपरवायझरला घेऊन आला, त्यांनी वाचला आणि मग सँडविच आणि ज्यूसचे खोके बाहेर आले. शुगरच्या माणसाला ज्यूस कसा देता म्हणून परत भांडलो, तेव्हा आईसाठी गरम पाणी घालायचा पोह्यांचा कप मिळाला. मागे लाइनीत उभे असलेले गोंदियाचे एक काका म्हणाले, बरं झालं बोललात, आम्ही तर गप्पच बसलो असतो. त्या दिवशी अख्ख्या गेटला खायला मिळालं याचा मला अजूनही अभिमान आहे.

एक राहिलंच, हे सगळं तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल तरच. आणि मागायचं तोंडाने, आपणहून कोणी आणून देत नाही. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. उशिराचा प्रत्येक मेसेज आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर एअरसेवावर (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार टाकताना लागतो.

परतीला हिवाळ्यात समोरून वारा असतो, त्यामुळे नागपूर-पुणे थोडं जास्त लागतं, पुण्याहून पुढची गाडी पकडायची असेल तर ते धरून चाला. आणि सोबत शुगरचं माणूस असेल तर दशम्या, फुटाणे असलं कोरडं खाणं हँडबॅगेतच ठेवा, सिक्युरिटीवाले अडवत नाहीत.