मेंदूतील धमनीची भिंत दिसावी म्हणून

रावेरजवळच्या खेड्यात केळीची शेती करणाऱ्या माझ्या मामांचा उजवा हात गेल्या वर्षी एका सकाळी उचलेना आणि बोलणेही जड झाले. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात, डाव्या बाजूला, पक्षाघाताचा लहानसा डाग आढळला. अहवालात मात्र ‘रक्तवाहिन्या सामान्य’ असे लिहिले होते. मी जळगावात एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून काम करतो आणि हे दोन शब्द मी शेकडो वेळा वाचले आहेत, परंतु मामांच्या कागदावर ते वाचताना त्यांत काय सांगितलेले नाही, हे प्रथमच मनाला लागले.

आपली नेहमीची एमआर अँजिओग्राफी हे वाहत्या रक्ताचे चित्र असते, धमनीचे नव्हे. ठिबकच्या नळीतून पाणी किती येते ते पाहून आत क्षार किती साचले याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे; शिवाय धमनीच्या भिंतीत मेदाचा थर वाढू लागला की ती आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते. मेंदूच्या मधल्या धमनीतून खोल भागाकडे केसासारख्या बारीक फांद्या जातात आणि त्यांच्या तोंडाशीच असा थर बसला, तर मुख्य धमनी मोकळी असतानाही फांदी बंद पडते. मेंदूच्या आतील धमन्यांचा हा आजार आशियाई लोकांत पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून रक्ताऐवजी धमनीची भिंतच दाखवणारी एमआरआय तपासणी सुधारण्याची निकड मला आपल्याकडे जास्त वाटते.

अडचण मापाचीच आहे. निरोगी भिंत साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर जाड असते आणि 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावरही चित्राचा कण सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा ठेवावा लागतो. कणाची प्रत्येक बाजू निम्मी केली, तर घनफळ आणि त्याबरोबर संकेत, म्हणजे त्या कणातून यंत्राला मिळणारी रेडिओलहर, एक अष्टमांश होतो. तो केवळ पुनःपुन्हा मोजून भरून काढायचा म्हटले, तर चौसष्टपट वेळ लागेल. त्यामुळे कमी मोजमापांतून पूर्ण चित्र उभे करणारी ‘कॉम्प्रेस्ड सेन्सिंग’ ही पद्धत इथे मोलाची ठरते, मात्र तिचा जोर फार वाढवला की ज्या बारीक कडेसाठी सगळा खटाटोप केला तीच पुसट होते.

दुसरे काम अंधार करण्याचे. भिंतीच्या आत रक्त आणि बाहेर मेंदूभोवतीचे पाणी, या दोन्हींचा संकेत दाबला तरच मधली रेघ उमटते. वेगाने वाहणारे रक्त लांबलचक पल्समालिकेत, म्हणजे यंत्राने ओळीने सोडलेल्या रेडिओलहरींच्या ठोक्यांत, आपोआप काळे पडते. संथ हलणाऱ्या पाण्यासाठी ‘डान्टे’ नावाची लहान पल्सची तयारी आधी जोडतात, ज्यात हलणाऱ्या कणांचा संकेत विस्कटतो आणि स्थिर ऊतीचा बराचसा टिकतो. बराचसा म्हणतो, कारण भिंतीचाही थोडा संकेत त्यात जातोच. धमनीच्या वळणावर किंवा तिच्या भिंतीला आलेल्या फुग्यात रक्त रेंगाळले, तर उरलेला संकेत जाड भिंतीसारखा भासतो, आणि मला सर्वाधिक भीती याच खोट्या जाडीची वाटते. गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारे औषध शिरेतून दिल्यावर मेदाच्या थरात भिंत बहुधा एका बाजूला उजळते, तर धमनीच्या दाहात चोहोबाजूंनी. दोहोंचे उपचार वेगळे असल्यामुळे इथली चूक रुग्णाला महागात पडते.

मामांची भिंतीची तपासणी पुढे पुण्यात 3 टेस्लाच्या यंत्रावर झाली. ज्या बाजूने त्या बारीक फांद्या निघतात, नेमकी तीच वरची भिंत जाडावलेली आणि उजळलेली होती. सात-आठ मिनिटांच्या त्या मालिकेत आवंढा गिळतानाही डोके हलू नये म्हणून मी त्यांना आदल्या रात्री घरी, खाटेवर निजवून, अहिराणीत सगळे समजावून सराव करून घेतला होता. जळगावात आमच्याकडे येणाऱ्या वृद्धांनाही आता मी आधी पाच मिनिटे असेच समजावतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या नीट बसवतो आणि सर्वांत बारीक मालिका, रुग्ण थकण्यापूर्वी, सुरुवातीलाच घेतो.

पुढच्या महिन्यात मामांची फेरतपासणी आहे. थर खरोखर बदलला की नाही हे कळायचे, तर कणाचे माप, छेदांची दिशा आणि गॅडोलिनियम दिल्यानंतरचा अवधी मागच्यासारखाच हवा, म्हणून ते सगळे आकडे एका कागदावर उतरवून मी त्यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावले आहेत.