सेवाग्राम स्टेशनवर उतरू नका: चार लेकरं घेऊन मगन संग्रहालय

हिंगणघाटकडून लहान लेकरं घेऊन वर्ध्याला निघणार असाल तर बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं ध्यानात घ्या. सेवाग्राम नावाचं रेल्वे स्टेशन आणि सेवाग्रामचा आश्रम एका जागी नाहीत. स्टेशन वर्धा शहराच्या कडेला आहे, त्याचं जुनं नाव 'वर्धा पूर्व'. आश्रम तिथून पाच-सहा किलोमीटर. आम्हाला हे कोणीच सांगितलं नाही. उलट माझ्या दिरांच्या एका मित्रानं छातीठोकपणे सांगितलं, "वहिनी, सेवाग्राम टेसनावर उतरा ना. आश्रम तं हाताशीच हाय, पायी दहा मिनटं." तो स्वतः कधी गेला नव्हता, हे घरी परत आल्यावर समजलं.

आम्ही सात जणं. मी, माझी जाऊ, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि चार लेकरं: चार, सहा, सात आणि नऊ वर्षांची. फेब्रुवारीचा शेवट होता, कापसाची शेवटची वेचणी आटोपली होती, शाळेला सुट्टी होती. लेकरांनी आजवर संग्रहालय म्हणून काहीच पाहिलेलं नव्हतं. नागपूर लांब पडतं, एका दिवसात लहान्यांचे हाल होतात, म्हणून वर्धा ठरवलं. सकाळी सेवाग्राम आश्रमातली गांधीजींची बापूकुटी, दुपारी वर्ध्यातल्या मगनवाडीचं मगन संग्रहालय, जमलं तर येताना विनोबांचं पवनार. हा बेतच चुकीचा होता.

रेल्वे घेतली ती स्वस्त म्हणून. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, बाराच्या आतल्यांना अर्धं. गाडी जवळपास तासभर उशिरा आली, त्यामुळं सेवाग्राम स्टेशनवर उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि ऊन चढलं होतं. स्टेशनबाहेर आश्रम कुठं विचारलं तर एकानं नुसता हात लांब केला, "सिद्धे चालत राहा." दहा मिनिटांचं तर आहे म्हणून चालायला लागलो.

हा टप्पा मी विसरणार नाही. सडकेच्या कडेला चालायला धड जागा नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखा जायचा आणि धुराळा थेट लेकरांच्या तोंडावर. वीस मिनिटांनी जावेची सहा वर्षांची पोरगी खाली बसली, "मी नाही येत." माझी चार वर्षांची कडेवर, पाठीवर डब्याची पिशवी, एका हातात पाण्याचा कॅन. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. अर्ध्या तासानं एका पानटपरीवाल्याला विचारलं तर तो बघतच राहिला. "पायी? लेकरं घेऊन? बाई, अजून चार किलोमीटर तरी हाय." मी तिथंच रडायच्या बेतात होते.

आणि अशा वेळी जो ऑटो येतो, तो तुमचं तोंड बघूनच भाव ठरवतो. दोनशे रुपये म्हणाला. घासाघीस करायची ताकद कोणात नव्हती, बसलो. आश्रमाच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणतो, दोनशे हे फक्त तिघा मोठ्यांचे, लेकरांचे वेगळे. साडेतीनशे झाले. जाऊ भांडली, मी भांडले, शेवटी लेकरांसमोर तमाशा नको म्हणून दिले. थोड्या वेळानं आश्रमात भेटलेल्या एका बाईनं सांगितलं की ती वर्ध्याच्या बसस्टँडजवळून वीस रुपये सवारीनं आली. सातही जणांची पूर्ण सवारी धरली तरी एकशे चाळीस. आमचे साडेतीनशे गेले आणि वर लेकरं उन्हात चालली. त्या साडेतीनशेचा राग अजून गेला नाही.

म्हणून माझं सांगणं असं. हिंगणघाटहून सरळ वर्ध्याची एसटी धरा. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं, त्याखालच्यांना नाहीच. पासष्टच्या वरच्या सासूबाईंनाही अर्धंच, आणि घरात कोणी पंचाहत्तरच्या वरचं असेल तर त्यांना तिकीटच लागत नाही. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. बस तुम्हाला गावात आणून सोडते. तिथून सेवाग्रामकडे बस आणि सवारी ऑटो दोन्ही मिळतात, कारण वाटेत कस्तुरबा दवाखाना आणि मेडिकल कॉलेज आहे, तिथली गर्दी दिवसभर चालू असते. फक्त चढण्याआधी विचारा, "आश्रमापर्यंत नेता का मेडिकललाच उतरवता?" आणि भाडं ठरवताना लेकरांकडे बोट दाखवून बोला, "हे सगळे धरून." 'धरून' हा शब्द त्याच्या तोंडून वदवून घ्या. आम्ही घेतला नाही.

आता बापूकुटीबद्दल स्पष्ट बोलते, कोणाला राग आला तरी. आपल्यासारख्या खेड्यातल्या सहा वर्षांखालच्या लेकरांना तिथं फार काही दिसत नाही. मातीच्या भिंती, कवेलूचं छत, सारवलेली जमीन. माझ्या पोरानं आत जाऊन चारीकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, हे तं आजीच्या घरासारखंच हाय. संग्रहालय कुठी हाय?" त्याचं चुकलं नाही. शहरातल्या पोरांना शेणानं सारवलेली जमीन नवलाची वाटत असेल, आमच्याकडे तेच सारवण्यात अर्धी सकाळ जाते. मोठ्या माणसाला ती जागा धरून ठेवते. मी आणि जाऊ आदिनिवासाच्या दाराशी बराच वेळ बोललो नाही. १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा सगळेजण त्या एकाच घरात राहत. पण त्यासाठी लेकरं कोणाजवळ तरी सोपवावी लागतात.

दोन गोष्टी मात्र चारही लेकरांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एक टेलिफोन. दुसरी, साप धरायचा लाकडी चिमटा आणि धरलेला साप ठेवायचा पिंजरा. आश्रमात साप मारत नसत, धरून दूर नेऊन सोडत. आमची पोरं पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात वाढलेली, घोणस आणि मण्यार त्यांना नावानिशी माहीत. तिथं मोठी चर्चा झाली. सात वर्षांच्यानं विचारलं, "मंग तो फिरून आला तं?" नऊ वर्षांची म्हणाली, "मंग फिरून धरायचा." चौघं जमिनीवर बसून तो चिमटा कसा चालत असेल हे हातांनी करून बघत होते. लहान लेकरं असतील तर सरळ तिथंच न्या, बाकीचं नंतर.

सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली ती लेकरांना पटकन समजली. या गावाचंही नाव आधी शेगावच होतं. गजानन महाराजांच्या शेगावात आणि इथल्या शेगावात टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० साली याचं नाव सेवाग्राम केलं. सासूबाई दरवर्षी शेगावला जातात, त्यामुळं त्यांना हे पाठ आहे. घोळ मिटावा म्हणून दिलेल्या नावानंच आम्हाला भलत्या स्टेशनावर उतरवलं, हे मला तिथं झाडाखाली डबा खाताना सुचलं, आणि पोळी घशाखाली उतरेना.

तिथून मगनवाडीला पोचायला अडीच वाजले. या वेळी ऑटो ठरवताना जावेनं 'धरून' तीनदा म्हटलं. तोवर चार वर्षांची खांद्यावर झोपली होती, सहा वर्षांचीला ताप आल्यासारखं वाटत होतं, मोठी दोघं एकमेकांना ढकलत होती. मी तर म्हणाले, बसस्टँडवर जाऊ, घरी जाऊ. सासूबाई म्हणाल्या, "इथलोक आलो तं पाहून घेऊ वो." त्यांच्यामुळंच सगळा दिवस वाचला.

हे संग्रहालय लेकरांसाठी म्हणून काढलेलं नाही. गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचं उद्घाटन केलं. मगनलाल गांधींनी चरखा सुधारण्यात आयुष्य घातलं, त्यांचं नाव त्याला दिलं. ही जागा जमनालाल बजाजांनी ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिलेली. खेड्यातल्या हातांनी काय काय बनवता येतं ते एका जागी दिसावं म्हणून ते उभं केलं. आणि आपल्या भागातल्या लेकरांसाठी याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. कारण आपली लेकरं कापूस ओळखतात, पण कापसाचं पुढं काय होतं हे त्यांना माहीतच नाही.

माझ्या पोराचा समज असा होता की कापूस गाडीत भरला, जिनिंगला नेला, की झाला पैसा. त्याच्या डोळ्यांसमोर कापसाचं कापड कधी झालंच नव्हतं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात बाहेरच्या बाजारात होतं, आणि त्याच तालुक्यातल्या पोराला सूत कुठून येतं हे माहीत नाही. त्यात त्याची चूक नाही. त्याच्या आईलाही पेळू, म्हणजे सूत काढायला केलेली पिंजलेल्या कापसाची वळी, हा शब्द सासूबाईंकडून तिथंच पहिल्यांदा कळला.

आत किती तऱ्हेचे चरखे आहेत ते मोजायचं लेकरांनी ठरवलं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. मोठ्या चाकाचा उभा चरखा, पेटीत मिटून ठेवायचा चरखा, अंबर चरखा. पेटीच्या चरख्याला येरवडा चरखा म्हणतात, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याच्यावर काम केलं. नऊ वर्षांचीला तोच आवडला, कारण तो दप्तरासारखा बंद होतो. आमच्या नशिबानं तिथल्या एका ताईला लेकरांची हौस दिसली. तिनं टकळी, म्हणजे हातानं फिरवून सूत काढायची चकती लावलेली काडी, आणि मूठभर पिंजलेला कापूस दिला. बोटांत पेळू धरायचा, टकळीला गिरकी द्यायची, हात वर न्यायचा. पोराचं सूत पहिल्या पाच वेळा तुटलं. सहाव्यांदा वीतभर निघालं. तो ओरडला, "आजी, हे आपल्या पऱ्हाटीचं हाय!" झोपलेली लहानी त्या आवाजानं उठली आणि तिलाही हवं झालं.

मग सासूबाईंनी टकळी हातात घेतली. लहानपणी त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, हे मी लग्नाला अकरा वर्षं होऊन पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या हातून सूत तुटलंच नाही. सरकी वेगळी करायची सलई-पटरी म्हणजे काय हेही त्यांनीच दाखवलं: पाटीवर कापूस ठेवायचा, वरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवायची, सरकी पुढं निसटते. चारही लेकरं त्यांच्याभोवती बसली होती. सकाळी धुराळ्यात जी 'मी नाही येत' म्हणत होती, ती आता उठायला तयार नव्हती, आणि तिचा तापही मला काही जाणवला नाही. मी आणि जाऊ मागं उभ्या होतो. मला फार भरून आलं.

तेलाची घाणी, मगन चूल हे घाईत पाहिलं. बिनधुराची म्हणून ती चूल काढली होती. सासूबाई तिच्यासमोर थांबल्या, हे आपल्याकडं काऊन नाही आलं म्हणाल्या. पण बसची वेळ होत होती. पवनार राहिलंच. त्याचं मला दुःख नाही. चार लेकरं घेऊन एका दिवसात तीन ठिकाणं करायची नसतात.

पुन्हा जायचं झालं तर मी असं करीन, तुम्हीही करा. पहिल्या एसटीनं वर्धा. बसस्टँडवर उतरून सरळ मगनवाडी, लेकरं ताजी असताना. घरून निघण्याआधी फोन करून संग्रहालय कधी उघडतं, दुपारी मधे बंद असतं का, आणि लेकरांना चरखा हाताळायला मिळेल का हे विचारून घ्या. घरचा सरकीसकट दोन मुठी कापूस पिशवीत न्या. आपल्या वावरातल्या कापसाचं सूत निघालं तर लेकरू ते वर्षभर जपून ठेवेल. संग्रहालयात दोन तास द्या. डबा खाल्ल्यावर लेकरं धड असली तर सेवाग्राम, नाहीतर सोडून द्या. चार वर्षांखालचं लेकरू असेल तर सोडूनच द्या. मार्च लागला की जाऊ नका, वर्ध्याचा मे तर पंचेचाळीसच्या वर जातो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत बरं.

परतीला एसटीत बसायला जागा मिळाली. हिंगणघाट येईपर्यंत पोरानं वीतभर सुताची गुंडी मुठीत धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वावरात गेला, पऱ्हाटीला राहिलेली दोन-तीन बोंडं तोडून आणली, आजीजवळ बसला आणि म्हणाला, टकळी करून दे. सासूबाईंनी छत्रीची काडी आणि मातीच्या फुटक्या दिव्याचा तुकडा घेऊन केली. थोडी डुगडुगते, पण फिरते.