मुलं इतकी दुष्ट का वागतात? तुम्ही विचारलंत म्हणून

मी लहान मुलांना शिकवते हे कळलं की कुणीतरी हमखास विचारतं, अहो मुलं म्हणजे देवाघरची फुलं ना, मग वर्गातल्या एखाद्या वेगळ्या मुलाला इतकं का छळतात? तर मला यात दुष्टपणापेक्षा भीतीच जास्त दिसते, आणि ती भीती त्या वेगळ्या मुलाची थोडी आणि ‘उद्या माझा नंबर लागला तर’ याची जास्त.

अडखळत बोलणारं मूल धडा वाचायला उभं राहिलं की बाकीच्यांकडे बघा. पहिल्याच शब्दाला प... प... प... होतं, त्याची मान ताणली जाते, डोळे गच्च मिटतात. लगेच कुणी हसत नाही हं. आधी सगळे एकमेकांकडे बघतात, कोण हसतंय, आपण हसायचं की नाही. मग एक जण फिस्सकन हसतो आणि पाठोपाठ अख्खा वर्ग, आणि त्यात जोरजोरात हसणारं एखादं मूल असं असतं की ज्याला कालपरवापर्यंत जाड्या म्हणून चिडवत होते. आज आपली सुटका झाली, एवढंच त्याला कळत असतं.

बरं, फरकाला घाबरायला आपणच शिकवतो. छोटं मूल व्हीलचेअर बघून मोठ्यांदा विचारतं, आई यांना काय झालंय, की आपण ‘श्श, असं बघू नये’ म्हणून त्याचा हात ओढत पुढे निघतो. त्याच्या डोक्यात एवढंच राहतं की इथे काहीतरी भयंकर आहे, बोलायचंसुद्धा नाही असं. सरळ सांगा ना, त्यांना चालता येत नाही म्हणून ते चाकाच्या खुर्चीवरून फिरतात.

आणि फरक मोठाच लागतो असंही नाही. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेत आयोवातल्या रायसव्हिल गावात जेन एलियट या तिसरीच्या बाईंनी वर्गातली मुलं डोळ्यांच्या रंगावरून दोन गटांत वाटली, एक गट वरचढ, दुसरा कमी. दिवस संपायच्या आत मित्रमित्र एकमेकांना डोळ्यांच्या रंगावरून हिणवायला लागले. (मुलांवर असा प्रयोग करावा का, यावर अजून वाद आहे, माझ्या हातून तरी होणार नाही.) डोळे तेच होते, फक्त बाईंनी सांगितलं होतं कोण वरचं, कोण खालचं.

म्हणून छळ सोसणाऱ्या मुलाला ‘तू लक्ष देऊ नकोस’ असं कुणी सांगितलं की मला फार राग येतो, सगळं ओझं त्याच्याच डोक्यावर. काम करायचं ते बघ्यांवर. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचे असे प्रसंग कॅमेऱ्यात टिपले होते, २००१ मध्ये ते छापून आलं, त्यात बघणाऱ्या एखाद्या मुलाने मध्ये पडलं तर अर्ध्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडमधला शाळांतला छळ थांबवण्यासाठीचा ‘किवा’ कार्यक्रमसुद्धा या बघ्या मुलांवरच भर देतो.

तेव्हा घरी ‘तुला कुणी त्रास दिला का’ हे विचाराच, पण ‘आज कुणाला हसले, आणि तू तेव्हा काय केलंस’ हेही विचारा, न ओरडता. हसलो म्हणाला तर कशाची भीती वाटली ते बोलू द्या. सगळ्यांसमोर भांडायची हिंमत प्रत्येकाला होत नाही, पण नंतर जाऊन त्या मुलाशेजारी बसणं, ‘चल खेळायला’ म्हणणं हे लाजऱ्याबुजऱ्या मुलालाही जमतं.